मंदा, तुझी लेक पिपेट तोंडाने ओढते

प्रिय मंदा,

तू गेल्यावर मी तुझ्या नावाने एक ओळही लिहिली नाही. रडणं-भेकणं मला जमत नाही. आज लिहितेय, कारण संध्याकाळी तुझी केतकी माझ्या स्वयंपाकघरात तुझीच काचेची पिपेट तोंडात धरून उभी होती.

वाटीत हळदीचं पाणी. सोमवारी तिचं बायोकेमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे, रक्ताच्या सीरममधली प्रथिनं मोजायची, म्हणून हा सराव. पिवळं पाणी नळीतून तिच्या ओठांकडे चढत होतं. खुणेच्या जरा वर आल्यावर तिने नळी तोंडातून काढून वरच्या टोकावर चटकन बोट दाबलं, मग सैल करत पाणी बरोबर खुणेवर आणलं. अगदी तुझ्यासारखं! मानसुद्धा तशीच तिरपी.

"तोंडानं काहून?" मी ओरडलेच. "रबरी बल्ब कायले असते मग?"

"बल्बनं पाणी भलतंच वर जाते, मावशी. तोंडानं बरोबर थांबते. मले आईनंच तर शिकवलं!"

"अन् मॅडम?"

"मॅडम जवळ आल्या का लावतो ना आम्ही बल्ब!"

का शिकवलंस गं? ती शाळेत होती तेव्हा तू तिला खेळ म्हणून पिपेटने सरबत ओढायला लावायचीस. मी रागावले तर म्हणालीस, "ताई, तुले नाही जमणार. तुझी जीभ बोलासाठीच हाय." तेव्हा मीही हसले होते.

आपण लॅबचं काम शिकलो तेव्हा बल्ब हरवतील म्हणून कपाटात कुलूपबंद असायचे, तपासणीच्या दिवशीच बाहेर यायचे. तोंडात आम्ल गेलं तर सर म्हणायचे, "चूळ भर अन् कामाला लाग." मी ते काम सोडून शाळेत शिकवायला लागले. तू साकोलीच्या पॅथॉलॉजीत बसलीस आणि वर्षानुवर्षं लोकांच्या रक्ताचं सीरम तोंडाने ओढलंस. तुझं माप चुकत नाही, याचा तुला केवढा तोरा!

मग तुझे डोळे पिवळे झाले. ही कावीळ रक्तातून येते, डॉक्टर म्हणाले. तुला कुठून आली हे खात्रीने सांगता येणार नाही, असंही म्हणाले. मला खात्री होती. तुलाही होती ना? नाहीतर दवाखान्यात माझा हात धरून "केतकीले सांगजो नको, ताई, तिले लॅबचं भेव बसंल" असं का म्हणाली असतीस? मी तुझं ऐकलं. आईचं लिव्हर खराब झालं, एवढंच तिला ठाऊक आहे.

आज जेवताना विचारलं, "सीरम सोमवारी पहिल्यांदाच ना?"

"नाही वो मावशी, मागच्या सोमवारीबी होतं. दवाखान्यातून आणतात. थोडंसं तोंडातबी गेलं माझ्या. खारट लागते."

ती वरण वाढून घेत होती.

कुणाचं रक्त होतं ते, मंदा? कुणाला विचारू?

आत ती भांडी घासतेय, गुणगुणतेय. हे पत्र संपलं की तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. तुला दिलेला शब्द मोडतेय. तिने तुझा राग धरला तर धरू दे, माझाही धरू दे. उद्या सकाळी तिला डॉक्टरांकडे नेईन, आणि ते म्हणतील तितक्या वेळा रक्त तपासायला नेईन. रिपोर्ट काहीही येवो, तो तिच्यापासून लपवणार नाही. या वेळी हा शब्द देते.

तुझी,
ताई