बाबांना 'तू' म्हणणारा

बाबा, तुमच्या त्या परदेशी पोराचा परवा फोन आला होता. पोरगा कसला, साठीला टेकलाय, बोलताना दम लागतो, पण मराठी अजून इंदूरची, आपल्या परदेशीपुऱ्याचीच. "ताई, काय करून राहिलीस?" म्हणाला. मी मेथी निवडून राहिले होते, तेच सांगितलं. इकडचं तिकडचं झालं, त्याच्या नातवंडांचं झालं, आणि मग त्यानं ते विचारलंच. "शेवटी बाबानं माझी आठवण काढली होती का गं? तू तिथे होतीस. मला कधी कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, आवाज कटून राहिलाय, रविवारी कर. आवाज अगदी खणखणीत येत होता. आज रविवार. उपासनेहून आले, कसंबसं जेवले, आणि त्याला काय सांगायचं ते ठरत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे. पोस्टात टाकायचं नाही हे मला पण कळतं.

ऐकलंत ना, 'बाबानं'. 'बाबांनी' नाही. इतक्या वर्षांत सुधारला नाही, आणि सुधारणार तरी कसा, त्याला मराठी शिकवणारे मुन्शी तुम्हीच होतात. मी मिशनच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून नेपाळात गेले त्याच वर्षी तुमची मिल बंद पडली. साळखात्यात मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेले जॉबर तुम्ही, घरात पण ओरडूनच बोलायचात, आणि आई गेल्यापासून त्या आवाजाला उत्तर द्यायला मी एकटीच होते. आपल्याकडे तुमच्याशी बोलायची एक रीत होती. या, बसा, घ्या, जेवलात का. चाळीतल्या बाकी पोरी बापाला अरेतुरे करायच्या, गळ्यात पडायच्या, आणि मी तांब्या पुढे करून बाजूला उभी राहायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण सवयच ती. मग मी तिकडे गेले, इकडे भोंगा थांबला, गेटवरचं धरणं पण हळूहळू पांगलं, आणि पाळकसाहेबांनी तुम्हाला हे काम आणून दिलं. परदेशातून आलेला तरुण मिशनरी, पुढे खानदेशात धाडायचा होता, तोवर इंदूरला राहून मराठी शिकणार. माझ्याच वयाचा. मी माझा मुलूख सोडून सेवेला गेलेली, तो त्याचा सोडून आलेला. फरक एवढाच, की तो येऊन बसला ते माझ्याच घरात. परदेशीपुऱ्यात आता खराखुरा परदेशी आला, असं तुम्ही पत्रात लिहिलं होतंत, आणि डोंगरातल्या त्या हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी चक्क हसले होते.

तिकडे माझी काय गत होती ते तुम्हाला मी अर्धंच कळवलं. ड्यूटी सुरू होण्याआधी वॉर्डात प्रार्थना असायची, आणि नवी म्हणून एका सकाळी ती माझ्यावर आली. नेपाळीत पण हिंदीसारख्या तीन पायऱ्या आहेत. बरोबरीच्याला तिमी, मोठ्या माणसाला तपाईं, आणि त्याच्याखाली आणखी एक. मी आपली मराठी डोक्यात ठेवून बोलत गेले. आपण लहानपणापासून देवाला तूच म्हणत आलो, पित्या, तू ऐक, तू दे, तू क्षमा कर. तसंच तिथे मी देवाला तिमी तिमी करत राहिले. आमेन म्हणताना कुणी वर बघेना. मेट्रन मोठी मायाळू बाई. तिनं मला खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, घरी वडिलांना पण असंच बोलतेस का? मी म्हटलं, नाही हो, कधीच नाही. "मग?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तपाईं म्हणून प्रार्थना सुरू केली आणि बाबा, सगळंच बदललं. इतकी वर्षं पित्या पित्या करत होते ते नुसतं पाठ होतं. देवाला 'तुम्ही' म्हटल्याबरोबर समोर कुणीतरी आहे असं झालं. ज्याची भीती वाटते, जो आल्याची चाहूल लागली की पदर सारखा करावासा वाटतो, आणि ज्याच्या जिवावर बिनघोर झोपता येतं, असं कुणीतरी. बाप म्हणजे काय हे मला तुमच्यावरूनच माहीत होतं ना. त्या दिवसापासून मी खरी प्रार्थना करायला लागले. विश्वासात वाढणं की काय म्हणतात, ते माझं तिथून सुरू झालं. हे सगळं मी तुम्हाला लिहून कळवलं, जिवाचा धडा करून कळवलं. तुमचं उत्तर आलं. वाचून आनंद झाला, देव बरं करो, असं एक वाक्य, आणि खाली पानभर तो. त्यानं पाळकसाहेबांना, नाक्यावरची पोरं एकमेकांना म्हणतात तसं, भिया म्हटलं. त्यानं उंबऱ्यात परत डोकं आपटलं. तो मला तू म्हणतो, आणि सगळे हसून राहिले. माझा तिळपापड झाला. असं पत्र वाचून कुणाची पोर खूश होईल, सांगा.

मग सुट्टीत मी घरी आले. दार उघडं होतं आणि स्वयंपाकघरात तो माझ्या आईच्या पाटावर गुडघे मुडपून बसला होता, लाल कान, पायात तुमच्या चपला. तुम्ही वाढत होतात. माझ्या बापाला मी जन्मात कधी भात वाढताना पाहिलं नव्हतं! मला पण बसवलंत, चौकशी केलीत, प्रवास कसा झाला, मेट्रन बरी आहे ना. तेवढ्यात त्यानं घास घेतला आणि म्हणाला, बाबा, तू आज मीठ विसरलास. आणि तुम्ही हसलात. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिल बंद पडलेल्या माणसाला कुणीतरी हसवत होतं याचं मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण नाही वाटलं. मला हेवा वाटला. मी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, "बाबा, तू मला पण वाढ."

तुम्ही पळी खाली ठेवलीत. "तो परका आहे, त्याला कळत नाही," म्हणालात. "तुला कळतं." ओरडला असतात तर चाललं असतं, पण ते तुम्ही हळू म्हणालात. तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्याकडे बघत राहिला, काय बिघडलं ते त्याला उमगेना. तो गेल्यावर मी भांडले, आठवतंय? मुन्शी ना तुम्ही, मग चूक सुधारत का नाही त्याची? तर म्हणालात, तो प्रार्थनेतून मराठी शिकलाय, देवाला जसं बोलतो तसं मला बोलतो, मी कोणत्या तोंडानं नको म्हणू. पुढे त्यानं रविवारच्या उपासनेला देवळात उभं राहून साक्ष दिली, की या घरात मला बाप कळला आणि मग देव कळला. सगळं देऊळ रडलं. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. अहो, मला पण तुमच्यावरूनच कळला होता. मला कुणी साक्ष द्यायला उभं केलं नाही, आणि केलं असतं तरी 'तुम्ही' या शब्दावर कोण रडणार होतं?

तो खानदेशातून परस्पर मायदेशी गेला, लग्न करून बसला. मी परत आले आणि इथल्याच हॉस्पिटलात लागले. तुम्ही आजारी पडलात तेव्हा माझ्याच वॉर्डात होतात. मिलच्या जागेवर काय बांधणार यावरून बाजूच्या खाटेवरचे वाद घालायचे, तुम्ही त्यातलं काही ऐकत नव्हतात. शेवटी शेवटी तर पांढरा कपडा दिसला की तुम्ही सिस्टर म्हणायचात, मला पण. "सिस्टर, तुम्ही जेवलात का?" किती मऊ आवाजात. पोटच्या पोरीला कधी असं विचारलं नव्हतंत.

त्या दुपारी भेटायला येणारे निघून गेले होते. तुमचे ओठ कोरडे पडले होते. मी चमच्यानं पाणी घातलं आणि मला काय झालं कोण जाणे, कानाशी वाकून म्हटलं, पाणी पी, बाबा. तू थोडं पी. म्हटलं, आता ओळखत नाहीत, आता कोण रागावणार. तुम्ही डोळे उघडले नाहीत. पण तोंड हसरं झालं. मी ते हसू ओळखलं, मीठ विसरलेल्या दिवशीचं. आणि म्हणालात, "आलास का रे?"

तुम्हाला तू म्हणणारा जगात एकच होता ना. मी म्हणू शकत होते, बाबा, मी आहे, तुमची पोरगी. तसं म्हणावंसं वाटलं सुद्धा. पण तुम्ही हात चाचपडून राहिला होतात, आणि माझ्या तोंडून निघालं, "आलो." आले नाही, आलो. तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि तसेच झोपलात. पुढे शुद्ध अशी आलीच नाही.

त्याचा फोन आला की सांगेन, हो, आठवण काढली, आलास का रे म्हणाले. ते त्याचं आहे, माझ्यापाशी ठेवून काय करू. त्या हाकेला उत्तर कुणी दिलं ते मात्र सांगणार नाही, आणि तुम्हाला पण आज पहिल्यांदा सांगते आहे. हात माझा होता, तुम्ही धरला होतात तो त्याचा, आणि बाबा, संध्याकाळची ड्यूटी लागली तरी मी तो सोडवून घेतला नाही.