नलूचे जहाज एक दिवस गोदीत

७ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीचे, नलूचे, जहाज परवा सकाळी बॅलार्ड पिअरला लागते. सायंकाळी कोचीकडे. जन्मगावी ती पर्यटक म्हणून येते आहे. सहलीच्या पत्रकात मुंबईची नोंद 'ऐतिहासिक बंदर' अशी. वाल भिजत घातले.
विषय एकच. यजमान गेल्यापासून नलू इंग्लंडात, लेस्टरला एकटी. मुलगा तिच्यासाठी वृद्धांच्या वसाहतीत जागा पाहतो आहे. होकार याच महिन्यात द्यायचा. माझे म्हणणे: गिरगावात माझ्याजवळ राहावे.

८ फेब्रु.
वालांना मोड आले. प्रतिपादनाची तयारी. पूर्वपक्ष तिचा: जिने, गोंगाट, मुलगा दूर. उत्तरपक्षात माझे तीन मुद्दे. तिसरा, मला करमत नाही. हा युक्तिवाद नव्हे. तर्कशास्त्राच्या वर्गात मी तो खोडला असता.

९ फेब्रु.
न. आली. सहलीची बस चौपाटीवर सोडली. गळ्यात जहाजाचा बिल्ला तसाच.
"गाइड विचारतो, मॅडम, फर्स्ट टाइम मुंबई? मी म्हटलं, येस!"
"खोटे कशाला?"
"अगं, किती प्रेमाने दाखवली त्याने चौपाटी! मला कुणी कधी दाखवलीच नव्हती. आपण नुसत्या जायचो."
दोघींनी वाल सोलले. मी पहिला मुद्दा मांडला. म्हणाली, "ताई, तू मुद्दे काढलेस की समजावं, घाबरलीयस." पुढचे मांडले नाहीत. वालाचे बिरडे तिने दोनदा घेतले. मग खिडकीपाशी पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. वेळ झाली तरी उठवण्यास मी अंमळ विलंब केला.
निघताना ओटी भरावीशी वाटली. रूढीने विधवेची भरत नाहीत, आणि भरणारी सवाष्ण लागते, मी अविवाहित. न. हसली. "दोन नकारांचा होकार ना गं? तूच घोकून घ्यायचीस." तो नियम येथे लागू होत नाही. भरली. पँटला पदर कुठला? तिने जहाजाची कापडी पिशवी पुढे धरली. तांदूळ, नारळ, खण.
गोदीच्या फाटकावर तपासणी.
"आई, तांदूळ-नारळ बोटीवर नाही चालत."
"अहो, ओटी आहे माझी!"
"कळतं हो. पण आत बोटीवरही काढूनच घेतील."
खण तिच्याबरोबर आत गेला. बाकीचे माझ्या हाती परत. राहण्याविषयी तिने काही सांगितले नाही, मी विचारले नाही.

१० फेब्रु.
घर मोठे वाटते. क्षेत्रफळ तेच.
उरलेले बिरडे संपवले. शेजारच्या मालूताई दारातूनच: "काय म्हणाली हो? येते का राहायला?" म्हटले, विषय निघाला नाही. हे अंशतः खरे.

१३ फेब्रु.
काल कोचीहून न.चा निरोप: "ताई, आपल्या संडासात कमोड बसेल का गं? गुडघे ऐकत नाहीत."
चौकशी म्हणजे संमती नव्हे. लेस्टरच्या जागेविषयी अवाक्षर नाही. पुढल्या वेळी चार दिवस येण्यासाठीही कुणी हे विचारील.
सकाळी प्लंबर पाहून गेला. म्हणाला, "मावशी, भिंत थोडी फोडायला लागेल."
फोडा म्हटले.