नागिणीची लस कोणासाठी

५ जानेवारी, रवि.
सुजाता येऊन गेली. सकाळच्या हिंगोली गाडीनं आली, दुपारच्या गाडीनं परत, ड्युटी. लेक नर्स झाली तेव्हापासून तिचं येणं म्हणजे तपासणीच. माझं बी.पी., कमलचं बी.पी. मग जेवताना विषय काढला. नागिणीची लस. पन्नाशीच्या पुढं देतात, दोन डोस. इथपर्यंत ठीक. पुढं म्हणाली, बाहेरच्या देशांत ज्या म्हाताऱ्यांनी ही लस घेतली त्यांच्यात विसरण्याचा आजार कमी दिसून राहिला.
मी विचारलं, सिद्ध झालं का?
"पक्कं न्हाई, बाबा. कमी दिसलं, एवढंच. नागीण मात्र बहुतेकांची टळते."
बोलताना माझ्याकडं बघत होती. आईकडं एकदाही नाही. काहून?

७ जाने., मंगळ.
बत्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, सगळ्या लसी या हातानं टोचल्या. आता मला शिकवणार.
नागिणीची लस, आणि फायदा डोक्याला? खुरकुताच्या लशीनं म्हैस दूध जास्त देते, असं कोणी सांगत आलं असतं तर मी त्याला दवाखान्याच्या बाहेर काढलं असतं.
थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं मला "तुमी कोणाचे?" विचारायचे. सु.ला वाटत असणार, बाबाही त्याच वाटेनं. मागच्या बाजारी मोटारसायकल तिथंच ठेवून पायी घरी आलो होतो. ते कमलनं सांगितलं असणार. दोघी रोज फोनवर बोलतात, आणि मी आत गेलो की कमल आवाज बारीक करते.

११ जाने., शनि.
हिंगोलीला गेलो. मेडिकलवाल्याला विचारलं, लस कुठं ठेवता, लाइन गेली तर काय करता. तो म्हणाला, काका, नांदेडहून मागवून देतो. मी विचारलं, येताना बर्फात येईल का? त्याला राग आला. फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या होत्या. परत आलो.
एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. सेनगावकडचा एक तांडा. पावसाळ्याआधीची मोहीम. रस्त्यात जीप बंद पडली, पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं कोमट पाणी झालेलं. लोक सकाळपासून जनावरं धरून उन्हात बसलेले. गरम झालेली लस बाद होते हे माहीत असून मी टोचत गेलो. रजिस्टर भरलं. श्रावणात घटसर्प आला. तांड्यातल्या धनसिंगची जोडी गेली, दोन्ही बैल एका आठवड्यात. त्यानं एवढंच विचारलं, "साहेब, तुमी टोचलं व्हतं नं?" मी व्हय म्हणालो.
म्हणून मी पेटी उघडून बघतो. लोकांना वाटतं म्हातारा संशयी आहे.

१३ जाने., सोम.
सातबारा शोधत होतो. कपाटात कमलच्या लुगड्यांखाली एक कागद. अक्षर सुजाताचं. वार कोणता. महिना कोणता. पाच वस्तू सांगायच्या, थोड्या वेळानं परत विचारायच्या. शंभरातून सात वजा करत जायचं. पुढं मार्क. तीन वेळचे, दर वेळी कमी.
म्हणजे माझी परीक्षा चालू होती, मला न सांगता. या पाच वस्तू मला कधी विचारल्या ते आठवून बघितलं. आठवेना. तेव्हा घाबरलो.
कमल ओसरीत तूर निवडत होती. कागद पुढं टाकला. म्हणालो, माझ्या माघारी काय चालू आहे ते सांग.
तिनं सूप खाली ठेवलं.
"तो तुमचा न्हाई. माझा हाय."
मग सांगितलं. दिवाळीच्या आधी ती बसस्टँडवरून घरी येत होती आणि गल्ली कोणती तेच कळेना. भाजीवालीनं दारापर्यंत आणून सोडलं. सु.ला शपथ घातली की बाबांना कळू द्यायचं न्हाई.
मी म्हणालो, मग लस मला काहून?
"एकानं तरी शाबूत राहाया पाहिजे. मी विसरले तर मला सांगणारं कोण हाय?"

१४ जाने., मंगळ.
मागचे महिने आता एकेक आठवतात. कमलचं भाजीत दोनदा मीठ. देवाण-घेवाणीत शेजारणीशी वाद. एकच गोष्ट तीनदा. प्रत्येक वेळी मी वसकन अंगावर गेलो.
जनावरानं वैरण सोडली की दारातून ओळखायचो. आणि इथं...

२० जाने., सोम.
नांदेड. सु. सोबत. डॉक्टर तरुण. मी फ्रीज बघायला मागितला. सु. लाजली, पण त्यांनी दाखवला. काटा पाच अंशांवर, बरोबर. कुपीवरची तारीख वाचली.
मग सरळ विचारलं, हिचं थांबेल का? ते म्हणाले, चालू झालेलं या लशीनं परत फिरतं असं मी सांगणार नाही. नागीण टळावी म्हणून घ्या. डोक्याचा फायदा दिसला आहे, हमी नाही. हिच्या तपासण्या वेगळ्या, गोळ्या वेगळ्या.
हमी नाही म्हणाले म्हणून थोडा विश्वास बसला. सगळा नाही. मी आयुष्यभर लोकांना हमी देत आलो.
दोघांनीही घेतली. कमल आधी. येताना वारंगा फाट्यावर गाडीतच चहा घेतला तेव्हा तिनं विचारलं, आपण नांदेडला कशाला गेलो व्हतो? सु. खिडकीबाहेर बघू लागली. मी सांगितलं, लस घ्यायला. दंड दुखतो नं, तीच.
"व्हय, दुखतो," म्हणाली.

२२ जाने., बुध.
दोघांना कणकण. पेज केली, मीच. तिनं खाल्ली आणि मीठ कमी सांगितलं. बरोबर होतं.

२४ मार्च, सोम.
उद्या दुसरा डोस. सु. गाडी घेऊन येणार.
दोन महिन्यांत कमल कधी पूर्वीसारखी, कधी नाही. चांगला दिवस आला की मला लशीचा संशय येतो, चांगल्या अर्थानं. मग वाटतं गोळ्यांचा असेल. मग वाटतं ती आठवत नाही, अंदाजानं बोलते. काल नातवाचं नाव घेतलं तेव्हा फोन तिच्या हातात होता आणि फोनवर नाव लिहिलेलं असतं.
आज दुपारी ती म्हणाली, "माझ्याकडं असं बघत नका जाऊ. जनावर तपासल्यावानी."
म्हणालो, बघत नव्हतो.
"मंग मला बी इचारू द्या. आज वार कोणता?"
सोमवार, म्हणालो. ती हसली. बरोबर आलं म्हणून हसली की तिलाच वार माहीत नव्हता, ते मी विचारलं नाही.