मुकी केलेली आजी

चि. धाकट्यास,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, या खेपेला अर्धाच.

मी खुशाल आहे. खोलीत ऊन येतं. गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. तुझ्या डोळ्यांत थेंब कोण टाकतं? सुनेला सांग, तू टाळशील.

पेपरवाल्याला मोठ्या तोंडाने सांगून बसलास, "ताईला अक्षर येत नाही, चाळीस वर्षं मीच तिचं पाठांतर घेतलं." नाटकात, सिनेमात तोंड रंगवलं मी, मिरवलास तू. ते इथे शूटिंगवर दिग्दर्शकाने वाचलं आणि या खेपेला तू सोबत नाहीस म्हणून माझे सगळे संवाद काढून टाकले. म्हणाला, "आजी, तुम्ही नुसत्या खुर्चीत बसा. चेहरा बोलका आहे तुमचा."

बसले. कॅमेरा सुरू झाला, तसं घरून निघण्याआधी तू घोकून घेतलेलं सगळं म्हणून टाकलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. समोरच्या नटालाही जुनेच संवाद पाठ होते, तो उत्तरं देत गेला. दिग्दर्शकाने थांबवलं नाही, शहाणा निघाला. संवाद परत मिळाले.

मग त्याने विचारलं, "पाठांतर कोणी घेतलं?"

मी केस बसवणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं. बिचारी गोरीमोरी झाली. हे पत्र तीच लिहितेय. म्हणते, "आजी, हे कशाला कळवता? त्यांना लागेल."

म्हटलं, लागावं म्हणूनच सांगतेय, नीट लिही.

खाली अंगठा आहे. तो कोणी पढवलेला नाही.

तुझी ताई