दत्तूतात्यांचं नाक

३ मार्च, इंदापूर
वही आणून तीन आठवडे झाले, पानावर फक्त माझं नाव. लिहायला बसलो की कुणीतरी चहाला हाक मारतं. असो. रसवंती सोडली, डीजे सोडला, आता कच्च्या तेलाच्या टँकरवर क्लीनर. ड्रायव्हर वरकुट्याचे दत्तूतात्या. वीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. झाकण उघडून नुसत्या वासावर दूध नासलंय का सांगायचे. सवय अजून तीच. बारामतीला तेल उतरवण्याआधी वर चढतात, झाकण उघडतात, नाक आत.

५ मार्च
सेफ्टीच्या साहेबांनी शिकवलं. तेलातून गॅस सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास. गॅस वाढला की वास बंद. म्हणजे गॅस गेला नाही, नाक मेलं. पुढचा नंबर माणसाचा.
तात्या मागून, "सायेब, आमचं नाक लॅबपेक्षा भारी हाय."
छातीला लावायचं पिवळं यंत्र मिळालं, दोघांत एक. गॅस आला की बोंबलतं.
येताना बावड्याच्या बाजारात कोंबड्या बघत तास गेला. घेतली एकही नाही.

८ मार्च
तात्यांनी यंत्र बनियनमध्ये गुंडाळून डब्यात टाकलं. "लय किरकिर, सासूगत."
झाकण उघडलं. मला खाली उभ्याला घाण वास, आणि हे वरून, "कायबी वास न्हाय रं! माल ताजा!"
साहेब आठवले. पाय धरून ओढलं, दोघं शिडीवरून घसरत खाली. तात्या ओकले, डोळे लालभडक. मग म्हणे, "पाडलंस व्हय मला?"
दवाखान्यात एक दिवस. माझी कंबर कुणी विचारली नाही.

११ मार्च
तात्यांकडे जेवलो. काकूंनी लसणाची फोडणी दिली, मी तीनदा शिंकलो. तात्या ढिम्म. अंगणात हळूच म्हणाले, "वासच येईना. कुणाला सांगू नगंस. उद्या झाकण उघडून बघतो, नाक आलं का."
म्हणजे हा माणूस नाक तपासायला परत गॅसच हुंगणार!
मालकाला सांगावं तर तात्यांची गाडी जाणार. न सांगावं तर तात्याच...

१२ मार्च, सकाळ, यार्ड
कुणाला सांगितलं नाही. शिडी लपवली होती, सापडली त्यांना. तात्या तिसऱ्या पायरीवर, मी खालच्या पायरीवर बसून एका हातानं त्यांचा पाय धरून, वही गुडघ्यावर. "सोड रं!" चालू आहे.
गेटवर जीप थांबली. काकू! हातात दुधाची किटली.
"काल फोडणीला शिंकला न्हाईत, तवाच वळखलं. वर नंतर चढा. आधी हे दूध नासलंय का, तेवढं सांगा."