खळीचा डबा आणि धाकटीचा दंड

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या चिरंजीवांचा काल फोन आला, म्हणून हे पत्र. पुस्तकं दाबायचं तुझं लोखंडी यंत्र तो मेअखेर विकणार. कोपराचं प्लास्टर काढल्यापासून तुला त्याचं चाक फिरवता येत नाही म्हणे, तेव्हा मावशीने तुला समजवावं.

समजावते. ओझं उचललेलं चालेल का, ते आधी डॉक्टरांना विचार. हो म्हणाले तर एक दिवसाआड उचल. सवयीपेक्षा जास्त भार पडला की स्नायूचे तंतू जाड होतात. ताण पडला की त्यांच्या टोकांना नवे तुकडे जोडले जाऊन लांबीही वाढते, म्हणून कोपर दर वेळी पुरतं सरळ कर. कॉलेजात शिकलेलं माझ्या डोक्यात अजून आहे, तुझ्या डोक्यात घालणं तेवढं बाकी.

राग मानू नकोस, हात चालव.

तुझी
ताई

ता. १० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर हो म्हणाले. लगेच खळीचा काठोकाठ भरलेला मोठा डबा उचलायला घेतला. पहिल्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता हसत हसत डोक्यावर नेते, गिऱ्हाईक दारात असलं की मुद्दाम. शेजारचा शिंपी म्हणतो, वहिनी, बाइंडिंगची पाटी उतरवा, कुस्तीची लावा.

खळीत मोरचूद घातलंय, म्हणून टिकते. महिनाभर त्याच डब्यातली पुस्तकांना लावतेय. काम ते काम, व्यायाम तो व्यायाम. चाक मात्र ढिम्म हलत नाही. तुझ्या तंतूंना जरा दम दे.

माया उतू जाऊ दे, मी पुसून घेईन.

तुझी
धाकटी

ता. १४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाई विचारपूस करायला आल्या. अगं शहाणे, खळ काढतेस तसा डबा हलका होतोय. दंड होता तिथेच आहे. वाढलाय तो तोरा.

डबा ठेव खाली. पिशवीत जाड पुस्तकं भर. सोपं वाटलं की आणखी एक टाक. ओझं पुढे सरकलं तरच स्नायू मागोमाग येतो. भाच्याला मी कबूल करून घेतलंय, घेणाऱ्यासमोर तू चाक फिरवलंस तर यंत्र जागचं हलणार नाही. माझं नाक कापू नकोस.

आशीर्वाद आहेतच, घाम तू गाळ.

तुझी
ताई

ता. २९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल यंत्र घ्यायला आलेला माणूससुद्धा बाइंडरच. जाड शब्दकोशांचं काम त्याच्या अंगावर होतं आणि ते दाबायला यंत्र नव्हतं. पुठ्ठ्यांची चळत आत ठेवून मी चाकाला हात घातला. आधी ते कुरकुरलं, मग मुकाट्याने फिरलं. मी असं आवळलं की तो आणि तुझा भाचा दोघांनी मिळून सोडवून पाहिलं, जमेना. शेवटी मीच सोडवलं. चिरंजीव हळूच म्हणाले, आई, मावशीला एवढं कळवू नकोस. म्हणून पहिलं काम हेच केलं.

प्रेम ठेव, आणि दरारा जरा कमी कर.

तुझी
धाकटी

ता. क. काल ताब्यात आले: कणा तुटलेले शब्दकोश, तीन गठ्ठे, बांधून द्यायला. देणारा, यंत्र न्यायला आलेला बाइंडर. घेणारी, मी. आत उचलून नेले, तेही मीच.