पांगुळगाड्याचं उजवं चाक

खोपोली,
रविवार

प्रिय हर्षला,

बाबांच्या हाती जी पिशवी पाठवते आहे तिच्यात वर तुझ्या मोरूची दोन लोकरीची टोपडी आहेत आणि खाली तुझा जांभळा ब्लाउज, दिवाळीआधी तू उसवायला दिलेला. हे पत्र त्या ब्लाउजच्या घडीत आहे. आईपासून लपवायचं म्हणून नाही, तुला आधी एकटीने वाचता यावं म्हणून. फोन केला तर आपल्या घरी तो स्पीकरवर असतो आणि मेसेज केला तर दादा मोठ्याने वाचून दाखवतो. शिवाय दिवाळीपासून तू माझ्याशी 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही बोललेली नाहीस. वहिनी नणंदेशी बोलत नाही, हे लोकांच्या घरी चालतं. पण तू वहिनी झालीस दोन-तीन वर्षांपूर्वी, त्याआधी पाचवीपासून आपण एका बाकावर बसत होतो. त्या हर्षलाने बोलणं सोडलं तर काय करायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

बाबा आत्ता इथेच माझ्या खोलीत चटईवर आडवे झाले आहेत. दुपारच्या गाडीने परत निघतील. ते न सांगता का आले, ते शेवटी लिहिते. आधी मला माझ्या कामाबद्दल सांगू दे, कारण ते मी घरी कधी नीट सांगितलंच नाही. मी 'अंगणवाड्यांतली मुलं बघते' एवढंच म्हणते आणि आईला वाटतं मी पोलिओचे थेंब पाजते. घरातली पहिली पदवी माझी, ती घेऊन ही करते काय, तर चेंडू खेळते, असं दादाने एकदा त्याच्या मित्रांना सांगितलं होतं. ते तसं खरंच आहे. माझ्या पिशवीत एक रबरी चेंडू, खडू आणि सतरंजी असते. बाळ मान धरतं का, आधाराशिवाय बसतं का, रांगताना गुडघे कसे टाकतं, उभं राहायला कशाला धरतं, हे मी बघते. मोठी मुलं खडूच्या रेघेवरून चालतात, एका पायावर उभी राहतात, चेंडू फेकतात. त्यांना तो खेळच वाटतो.

ठाकुरवाडीच्या अंगाला एका वाडीवर गेले होते, तिथे ठमी नावाची चार वर्षांची मुलगी भेटली. आमच्या कागदावर 'जिना चढते का' असा प्रश्न होता आणि त्या वाडीत जिनाच नव्हता. आता काय लिहावं, असा विचार करत मी उभी होते, तोवर ठमी समोरच्या फणसावर चढून बसली आणि वरून मलाच म्हणाली, "बाय, तुला येतं का?" मला येत नव्हतं. संध्याकाळी हे तय्यबा मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. त्या आमच्या केंद्रातल्या व्यायामोपचार करणाऱ्या, इथल्याच खालापूरच्या. मग म्हणाल्या, "मूल किती करतं ते कुणालाही दिसतं गं. कसं करतं ते तू बघायचं. दोन्ही बाजू सारख्या कामाला येतात का, एवढं जरी बघितलंस तरी पुष्कळ." तेव्हापासून मी तसंच बघते. एकदा डोळ्यांना ती सवय लागली की ते मिटता येत नाहीत, मग मूल परक्याचं असो की आपलं.

आणि हर्षला, हे बघणं मी खरं तर पहिल्यांदा तुझ्याकडून शिकले. खो-खोत तू पाटीवर बसलेली असायचीस आणि धावणारी पोरगी कुठल्या बाजूला वळणार ते तिच्या खांद्यावरून ओळखायचीस. मी विचारायचे, कसं कळतं? तू म्हणायचीस, "ती वळायच्या आधी तिचा खांदा वळतो, तुला दिसत नाय का?" मला तेव्हा दिसत नव्हतं. तुला दिसत होतं. म्हणून पुढचं लिहायला मला धीर होतो.

मोरूच्या उष्टावणाला आपण पाटासमोर विळा, भाताची लोंबी, सोन्याची अंगठी आणि माझं पेन मांडलं होतं. पेन त्याच्या उजव्या हाताशी होतं. त्याने सगळं अंग वळवून डाव्या हाताने ते उचललं. घरभर आनंद झाला. आत्यासारखा शिकणार, असं तू म्हणालीस आणि बाबा तर सगळ्या आळीला सांगत सुटले, "माजा हात घेतला रं यानं." बाबा डावखुरे, रंधा डाव्या हाताने मारणारे, आणि नातूही तसाच. मीही टाळ्या वाजवल्या. पण उजवी मूठ तेव्हा मिटलेली होती, आणि मी नंतर जेव्हा जेव्हा घरी कडावला आले तेव्हा ती मिटलेलीच होती. तो रांगला नाही, बसून डाव्या हाताने ढकलत घसरत राहिला. आपण त्यालाही हसलो, कारण तो दिसायचाच इतका गोड. मग बाबांनी माळ्यावरून पांगुळगाडा काढला. मी आणि दादा ज्याला धरून चालायला शिकलो तोच. त्याची चाकं वाळवीने खाल्ली होती म्हणून बाबांनी सागाची नवीन बसवली. मोरू गाड्याला धरून उभा राहिला, उजव्या पायाच्या चवड्यावर, आणि गाडा उजवीकडे वळून भिंतीला लागला. बाबा म्हणाले, चाकात खोट हाय. त्यांनी उजवं चाक काढलं, तासलं, तेल घातलं, पुन्हा बसवलं. गाडा पुन्हा भिंतीला लागला. दिवाळीत मी आले तेव्हा ओट्याखाली भुशाचा ढीग पडला होता आणि बाबा त्या एका चाकाशी भांडत बसले होते.

त्या दिवशी मी बोलले ते मला अजूनही बोलायला हवंच होतं असं वाटतं. फक्त भाऊबीजेचं ताट समोर असताना, सगळ्यांच्या देखत बोलायला नको होतं. एवढ्या लहान मुलाचा एकच हात चालत असेल तर त्याला डावखुरा म्हणत नाहीत, दुसऱ्या हाताचं काय झालं ते बघतात, एवढंच मी म्हटलं. आई म्हणाली, "लगीन नाय, पोर नाय, आणि ही आमाला पोरं शिकवतेय. परीक्षा घ्यायला त्याला शाळेत घातलाय का?" दादा उठून बाहेर गेला. आणि मग आई ते दुसरं बोलली, की आठव्या महिन्यात मोटारसायकलवर बसून माहेरी जायला कुणी सांगितलं होतं. तू मोरूला उचललंस आणि आत गेलीस.

मी दारातून बघत होते, ते तुला माहीत नाही. तू पलंगावर बसलीस, मोरूचा डावा हात आपल्या मुठीत धरलास आणि बिस्किट त्याच्या उजव्या हातापुढे नेलंस. तो रडला, तरी तू डावा हात सोडला नाहीस. त्याने उजवी मूठ थोडीशी उघडली आणि बिस्किट खाली पडलं. तू ते उचलून पुसलंस आणि पुन्हा समोर धरलंस. ते तू पहिल्यांदा करत नव्हतीस, हर्षला. तुझ्या हाताला ते सवयीचं होतं. मी त्या घरात काही नवीन सांगितलंच नव्हतं. तुला आधीपासून दिसत होतं आणि तू ते एकटीने धरून बसली होतीस, कारण ते बोलून दाखवलं असतं तर आईचं ते वाक्य तुझ्यावर आलंच असतं. माझ्यामुळे ते आलं.

म्हणून हे नीट वाच. मोरू दिवस भरायच्या आधी झाला, गणपतीत, आणि पहिले दिवस काचेच्या पेटीत राहिला. अशा मुलांमध्ये कधी कधी मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते, पोटात असताना किंवा जन्माच्या वेळी. नेमकं काय झालं ते डॉक्टर तपासून सांगतील, आणि कधी कधी तेही सांगू शकत नाहीत. मोटारसायकलने काही झालेलं नाही. तू काही केलेलं नाहीस. आईला हे मी तोंडावर सांगेन, तुझ्या देखत. तो पूर्ण बरा होईल असं मात्र मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही आणि तुला खोटा धीर दिला तर तू मला कधी माफ करणार नाहीस. केंद्रात येणाऱ्या अशा मुलांतली बरीचशी चालतात, काही पळतातही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हात हळू येतो. पण त्या हाताला आतापासून कामाला लावावं लागतं, रोज, खेळता खेळता. जे तू पलंगावर बसून एकटीच करत होतीस तेच, फक्त मुलाला न रडवता कसं करायचं ते शिकून.

आता बाबा का आले ते. परवा तू आणि आई पोपटीच्या मडक्यात शेंगांभोवती घालायला भांबुर्डीचा पाला आणायला गेल्या होतात, तेव्हा त्यांनी शेजारच्या हिरामणकाकांच्या लहानग्या जनाला बोलावून गाड्याला उभं केलं. गाडा ओट्यापासून तुळशीपर्यंत सरळ गेला. मग त्यांनी मोरूला उभं केलं आणि तो भिंतीला लागला. पुन्हा जनाला, पुन्हा मोरूला. आज सकाळी ते माझ्या दारात आले, वालाच्या शेंगा खाली ठेवल्या, पाणी प्यायले आणि बराच वेळ आपल्या डाव्या तळहाताचे घट्टे चोळत बसले. मग म्हणाले, "चाक बराबर हाय गं निशे. माजा हात नाय घेतला त्यानं. त्येचा एकच चालतोय." मग त्यांनीच विचारलं, "मंग आता काय तासू, ते सांग." मी त्यांना तय्यबा मॅडमचं नाव सांगितलं. मंगळवारी तय्यबा मॅडम खालापूरच्या केंद्रात असतात, त्यांना ते हेच विचारणार आहेत. "तुझ्या आयशीला सांगू, महडच्या गणपतीला चाललो," असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, खोटं नको बाबा. तर म्हणाले, मग खरंच जाऊ, आधी गणपती आणि मग मॅडम. मॅडमना दाखवायला ते पांगुळगाडा सोबत घेणार आहेत, कडावपासून खांद्यावर. मोरूला घेऊन तूही ये. त्यांना रिकामा गाडा घेऊन एकट्याने यायला लावू नकोस.

तुझीच,
बाकावरची निशी